चार नंबरची बाटली

चार नंबरच्या बाटलीतली पूड विरघळेना, तेव्हा पहिलं खापर डिसेंबरच्या गारठ्यावर फुटलं. जो उलट बोलत नाही त्याच्या डोक्यावर खापर फोडायला माणसाला बरं वाटतं. सूरज म्हणाला, द्रावण गार पडलं असेल. त्यानं नळी कोमट पाण्यात धरली, हलवली, यंत्रात घालून गरागरा फिरवली. एरवी टाकल्या टाकल्या दिसेनाशी होणारी पूड तळाशी पांढरट गाळ होऊन बसली ती बसलीच. सूरजनं नळी उजेडात धरून तेजस्वीकडे बघितलं. बाटली तिच्या ताब्यातली होती.

बेळगावच्या उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत, पूर्वी लेथ चालायचे अशा शेडमध्ये ही प्रयोगशाळा थाटलेली. चार माणसांचा संसार. डॉ. शिवराज मालक, सूरज प्रयोग करणारा, तेजस्वी रसायनं सांभाळणारी, आणि सकाळी सातला दार उघडण्यापासून काचेची भांडी धुण्यापर्यंत उरलेलं सगळं करणारा मल्लाप्पा. काम कफावर. लोक ज्याला नाक मुरडतात त्यावर इथं चौघांचं पोट चालायचं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसणाऱ्या बायकांचा कफ दर सोमवारी बर्फाच्या डब्यातून यायचा, आणि पूड घातल्यावर त्याचा चिकटपणा किती उतरतो ते बघायचं. पूड परदेशातून आलेली. जिथं ती तयार व्हायची तिथं आता ती करणं बंद झालं होतं. एक, दोन, तीन नंबरच्या बाटल्या संपल्या होत्या. चार नंबरची शेवटची; दसऱ्याआधी तिच्यातून करून ठेवलेलं द्रावण दोन महिने पुरलं होतं आणि आता डिसेंबरात ती पुन्हा उघडली होती. ती गेली तर दोन वर्षांचं काम अर्ध्यावर राहणार आणि शेडला कुलूप लागणार, हे मल्लाप्पालासुद्धा पाठ होतं.

तेजस्वी वडगावची, मागवाल्याची पोर. वडील परशराम चाळीस वर्षं पॉवरलूमवर उभे राहिले, दोन माग होते ते विकून झाले, आणि छातीत सुताचा भुगा तेवढा शिल्लक राहिला. ते रोज पहाटे असे खोकायचे की शेजारी त्यावर चहाचं आधण ठेवत. गल्लीत पांढरा कोट घालून कामाला जाणारी तेजस्वी पहिलीच. गल्लीनं तिचं नाव ‘कफाची डॉक्टरीण’ ठेवलं होतं, आणि चिडवता चिडवता तिचा अभिमानही बाळगला होता.

एकदा वडिलांनी विचारलं होतं, “त्या कफात असतंय तरी काय गं एवढं?”

“म्यूसिन म्हणून लांबलांब धागे असत्यात बाबा. त्यावर साखरेचं अस्तर. त्यानं चिकट होतंय.”

“म्हंजे सुताला खळ लावल्यागत.”

“व्हय, तसंच. खळ जास्त झाली की ताणा कसा ताठ होतो, तसं छातीत होतंय. ही पूड ती खळ उतरवत्या.”

“मग आण की चिमूटभर.”

“औषध न्हाई ते. अजून माणसाला कुणी दिल्यालं न्हाई. कपातल्या कफावर बघालोय नुसतं.”

परशराम हसले होते. मंगल, म्हणजे तेजस्वीची आई, हसली नव्हती. तिचा भरवसा देवीच्या देवळातल्या विभूतीवर. रोज पूजा झाली की नवऱ्याच्या कपाळाला एक चिमूट, जिभेवर एक चिमूट. मंगलची विभूती म्हणजे गल्लीचा सार्वजनिक दवाखाना होता. पोराला दृष्ट लागली, सुनेला झोप लागेना, कुणी खोकलं, की देव्हाऱ्यातली तपकिरी बाटली खाली उतरायची. मल्लाप्पाची बायको शांतव्वा निपाणीच्या वखारीतच कामाला आणि तीही खोकते, हे कळल्यावर दिवाळीच्या आधी तिच्यासाठीही कॅलेंडरच्या पानाची एक पुडी गेली होती. “यंदाची जरा आंबट लागत्या गं,” परशराम अधूनमधून म्हणायचे. मंगल म्हणायची, “देवाच्या प्रसादाला नावं ठिवू नका.” अशी नावं ठेवत ठेवत रोजची चिमूट ते चाटायचे, आणि दिवाळीनंतर त्यांचा खोकला खरंच जरा उतरला होता. देवीला नारळ बोलला गेला होता.

तर पूड विरघळेना म्हणून शिवराज सरांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. नाव तेच, लेबल तेच, ‘फक्त संशोधनासाठी’ ही लाल ओळ तीच. लेबलाच्या खालच्या अंगाला खंडेनवमीच्या हत्यारपूजेचं हळदकुंकू वाळून चिकटलेलं. सरांनी थोडी पूड पुण्याला तपासायला पाठवली. सहाव्या दिवशी उत्तर आलं. सरांनी ते उभ्यानंच वाचलं, मग सगळ्यांना बोलावून मोठ्यानं वाचलं. ही पूड रसायन नाही. ही राख आहे.

राख म्हटल्यावर तिघांनीही मल्लाप्पाच्या कपाळाकडे बघितलं.

मल्लाप्पा निपाणीकडच्या खेड्यातला, साठीला टेकलेला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, रोज, आंघोळ झाल्याबरोबर. दोन्ही कानांपर्यंत सरळ. त्याच्या सदऱ्याच्या खिशात विभूतीची गोळी असायची आणि घामानं पट्टे पुसले तर तो दुपारी पुन्हा ओढायचा. कामाला लागल्या दिवसापासून तेजस्वी त्याला अण्णा म्हणायची. तो तिचा डबा ऊन करून ठेवायचा.

“फ्रीजरला कुलूप असतं,” सर म्हणाले. “चावी कुणाकडे?”

सूरजनं तेजस्वीकडे बघितलं. त्याच्या बघण्यात काही वाकडं होतं का, कोण जाणे. पण तिला ते अंगावर आल्यासारखं वाटलं. तिला एका क्षणात घर दिसलं, गल्ली दिसली, ‘डॉक्टरीण’ म्हणणाऱ्या बायका दिसल्या. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “चाव्या दोन आहेत सर. एक माझ्याकडे. एक अण्णांकडे.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. एखाद्याला बुडवायला खोटंच बोलावं लागतं असं थोडंच आहे. सरांची मान हळूच मल्लाप्पाकडे वळली, आणि तेजस्वीला हायसं वाटलं. वाटल्याची लाजही वाटली, पण हायसं जास्त वाटलं.

तिथून पुढं तिच्या डोळ्यांना दुसरं काही दिसेना. संशय एकदा आत शिरला की घरचा होऊन बसतो. मल्लाप्पा सातला एकटाच येतो. फ्रीजरचं तापमान तोच बघतो. शनिवारी गावी जातो, सोमवारी नमुने घेऊन येतो, मधल्या दोन दिवसांत काय करतो कुणाला ठाऊक? बायको वखारीत, तीस वर्षांचा खोकला घेऊन बसलेली. ही पूड कफ पातळ करते हे त्यानं रोज ऐकलेलं. आणि खंडेनवमीला सगळ्या यंत्रांवर ओल्या विभूतीचे पट्टे कुणी ओढले होते? यानंच. जे जे आठवावं ते ते त्याच्याच अंगणात जाऊन पडत होतं.

पूर्वी तो हसला तरी तिला बरं वाटायचं. आता तो हसला की हा का हसला असं वाटू लागलं. त्यानं डबा ऊन करून आणला, तर तिनं झाकण उघडून वास घेतला आणि मग जेवली. तो बघत होता. त्यानं काही विचारलं नाही, आणि न विचारणं हीसुद्धा तिच्या लेखी एक खूण ठरली.

गुरुवारी तिनं त्याला मागच्या दाराशी फोनवर बोलताना ऐकलं. तो कानडीत बोलत होता, आणि कानडी तिला बाजारापुरती नव्हे, चांगली येत होती. तो म्हणत होता, माझ्याकडे थोडी उरली आहे, शनिवारी घेऊन येतो. तोवर जिभेवर उगीच जराशी ठेव. वखारीत कुणाला देऊ नकोस, तुलाच पुरायची नाही. तिची चाहूल लागल्यावर तो वळला आणि फोन ठेवला. “घरातनं हुता,” तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि सरळ सरांच्या खोलीत गेली.

आता इथं कुणी म्हणेल, पुडी हिनंच दिलेली, हिला आठवू नये? नाही आठवली. दीड महिन्यापूर्वी आईनं डब्याबरोबर पिशवीत टाकलेली एक पुडी, तिनं ती जाता जाता मल्लाप्पाच्या हातात ठेवलेली. आईच्या अशा पुड्या गावभर जायच्या. देणाऱ्यानं कुठं लक्षात ठेवायचं असतं? लक्षात घेणारा ठेवतो.

शनिवारी दुपारी मल्लाप्पा गावी निघाला, तेव्हा सरांनी त्याला आत बोलावलं. “पिशवी दाखव जरा,” ते म्हणाले. मल्लाप्पाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं तेजस्वीकडे बघितलं, मग पिशवी पुढं केली. सरांनी ती टेबलावर पालथी केली. भाकरीचं फडकं, चष्म्याचं घर, नातवासाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा, विभूतीची गोळी. आणि कॅलेंडरच्या पानाची, घड्या पडून मऊ झालेली एक पुडी. पुडीत पांढरी पूड.

सूरजनं त्यातली कणभर नळीत टाकली. ती टाकल्या टाकल्या दिसेनाशी झाली. पाणी नितळ. सूरजनं ते यंत्राला लावलं, अर्धा तास चौघंही त्या यंत्राकडे बघत उभे राहिले, आणि कागदावर जो आलेख उमटला तो चार नंबरचाच होता.

“ती विभूती हाय साहेब,” मल्लाप्पा म्हणाला. “मी काय केलो न्हाई. तेजस्वीताईनी दिल्याली हाय. आमच्या शांतीसाठनं.”

सगळे तिच्याकडे वळले. तिला त्या वेळी पुडी आठवली, पान आठवलं, आईचा हात आठवला.

“मी विभूती दिली होती सर,” ती म्हणाली. “आमच्या देव्हाऱ्यातली. ही पूड नाही दिली.”

“तुमीच दिलंसा न्हवं ताई, ह्याच कागदात?”

“कागद हाच. पण आत विभूती होती अण्णा.”

ती मनापासून बोलत होती. देवाशपथ सांगायला सांगितलं असतं तर तेही केलं असतं. सरांनी सुस्कारा सोडला. “म्हणजे पुडीतली विभूती बाटलीत गेली आणि बाटलीतली पूड पुडीत आली. अजून काय बघायचं राहिलं?” पोलिसांत जाणार नाही, इतकी वर्षं केलंस त्याची आठवण ठेवतो, चावी ठेव आणि जा, असं त्यांनी सांगितलं. मल्लाप्पानं चावी ठेवली. एकेक वस्तू पिशवीत परत घातली. पिशवी पालथी करताना विभूतीच्या गोळीचे दोन तुकडे झाले होते, ते त्यानं बोटानं गोळा केले. मग दारात चप्पल घालून निघून गेला.

सोमवारी सरांनी तेजस्वीला सांगितलं, ती राखेची बाटली पुसून, पिशवीत घालून, बाजूला ठेव; उद्या कुणी विचारलं तर पुरावा असू दे. तिनं कापसाला स्पिरिट लावलं आणि लेबलावरचं कुंकू पुसायला घेतलं. दोन महिन्यांचं वाळलेलं, सहज निघेना. तिनं नखानं खरवडलं. कुंकवाखालून बाटलीचा नंबर वर आला. तीन.

तिनं पुन्हा पुसलं. तीनच होता.

तीन नंबरची बाटली जूनमध्ये संपली होती. तिचं काय झालं हे दुनियेत एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस कापूस हातात धरून उभं होतं. छान घट्ट झाकणाची बाटली. त्यांच्या घरात अशी वस्तू टाकायची पद्धत नव्हती. तिनं ती धुऊन घरी नेली आणि आईनं तिच्यात विभूती भरली. खंडेनवमीला वडगावात मागाची पूजा होते, माग नसले तरी हत्यारांची तरी होतेच. आई म्हणाली, तू बी तुझ्या हत्यारास्नी लाव, आणि तीच बाटली पिशवीत दिली. प्रयोगशाळेत टेबलावर नवं कापड अंथरलं, काटा ठेवला, काचेच्या नळ्या ठेवल्या. सर हौसेनं म्हणाले, आपलं खरं हत्यार चार नंबर, तिलाही ठेवा. शेजारी शेजारी दोन बाटल्या. दोघींना हळद, दोघींना कुंकू. नारळ फुटला, सर म्हणाले, लवकर आत ठेव गं, ऊन होईल. तिनं हात घातला, एक उचलली, फ्रीजरमध्ये ठेवली, कुलूप लावलं. दुसरी पिशवीत टाकली आणि घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. हिनं तर काखेतल्या कळशासाठी दुसऱ्याला चोर ठरवून घरी बसवलं होतं.

सरांना तिनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. रिक्षानं वडगावला पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं मल्लाप्पा नव्हता. वडिलांची पुढं काढलेली जीभ होती. आई दारात गहू निवडत बसली होती. तेजस्वी चप्पल न काढता देव्हाऱ्याशी गेली, बाटली उतरवली आणि पदराच्या टोकानं लेबल घासलं. चार. आत पूड पाऊण बाटली.

“अगं चपला घालून कुठं जातीस?” आई मागून म्हणाली.

“आई, बाबास्नी आज दिलीस?”

“सकाळीच दिली की. का?”

तेजस्वीनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज इतका लहान झाला की कॉटवरचे परशराम उठून बसले. मंगलनं सगळं ऐकून घेतलं.

“मला बरं वाटालंय की,” परशराम म्हणाले. “छाती हलकी झाल्या. मग बिघडलं कुठं?”

“ते औषध न्हाई बाबा.”

“मग इख हाय का?”

“ते बी म्हाईत न्हाई. अजून कुणालाच म्हाईत न्हाई.”

“आणि तिकडं त्या मल्लाप्पाच्या बायकोनं बी खाल्लं असंल,” मंगल म्हणाली. हे तेजस्वीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळी ती वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? तिनं रसायनाचं नाव सांगितलं, त्यांनी ते दोनदा लिहून घेतलं आणि रक्त तपासायला दिलं. मंगळवारी सकाळी ती निपाणीच्या बसमध्ये बसली तेव्हा पर्समध्ये चार नंबरची बाटली होती, रुमालात गुंडाळलेली. बेळगावात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन चालू असल्यानं रस्त्यावर जागोजागी बंदोबस्त होता आणि पोलीस गाड्या थांबवून आत डोकावत होते. प्रत्येक वेळी ती पर्स छातीशी धरायची. वाटेत डॉक्टरांचा फोन आला. बाकी सगळं ठीक आहे, लिव्हरचा एक आकडा थोडा वर आलाय, बंद करा आणि महिन्यानं परत तपासू. घाबरायचं का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, ते मी आज सांगू शकत नाही.

बसमध्ये तिनं मनाशी एक बेत रचला होता. बेत कसला, पळवाटच. मल्लाप्पाला सगळं सांगायचं, पाय धरायचे, शांतव्वाला डॉक्टरकडे न्यायचं. मग बाटली गुपचूप फ्रीजरमध्ये ठेवून सरांना म्हणायचं, सापडली मागच्या कप्प्यात, काहीतरी घोटाळा झाला असणार, अण्णांना परत बोलवा. कुणाचंच नुकसान नाही. तिची नोकरी राहील, त्याचीही राहील.

मल्लाप्पाचं घर तिनं दोघांना विचारून शोधलं. तो अंगणात खुरपं धारेला लावत बसला होता. तिला बघून उठला. त्याचं कपाळ मोकळं होतं. पट्टे नाहीत, पुसल्याची खूणही नाही. आंघोळ झालेली दिसत होती, केस ओले होते, पण कपाळ कोरडं आणि उघडं. इतकी वर्षं बघितलेला चेहरा तिला ओळखता येईना.

“शनवारी बसमधी एकानं इचारलं, देवळातनं आला काय म्हणून,” तिची नजर कुठं आहे ते कळून तो म्हणाला. “मला वाटलं, ह्याला बी चोरीचं कळलंय. तवाच पुसून टाकलो.”

आतून शांतव्वा पाणी घेऊन आली, खोकत. तेजस्वीनं तांब्या हातात धरला आणि पाणी न पिताच सगळं सांगितलं. तीन नंबर, चार नंबर, खंडेनवमी, देव्हारा. चाव्या दोन आहेत हे आपण का म्हणालो तेही सांगितलं. फोन चोरून ऐकला तेही. डबा हुंगला तेही सांगितलं, आणि ते सांगताना तिला रडू आलं.

मल्लाप्पा ऐकत होता. सगळं झाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “म्हंजे तुमच्या बाबानी दोन म्हैने खाल्लं?”

“व्हय अण्णा.”

“बरं हाईत न्हवं?”

“एक आकडा वर आलाय. बघूया म्हणाल्यात.” तिनं शांतव्वाकडे बघितलं. “वैनी, तुमाला बी तपासून घ्यायला पायजे. आजच चला माझ्याबरोबर.”

मग तिनं आपला बेत सांगितला. मागचा कप्पा, घोटाळा, गुपचूप. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते कसं वाटतं ते ऐकू येऊ लागलं, आणि शेवटचं वाक्य तिनं अर्ध्यातच सोडलं.

“ताई,” मल्लाप्पा म्हणाला, “हितं सांगून मी काय करू? माझ्या अंगणात मी चोर न्हवतोच. जिथं माझी पिशवी पालथी झाली तिथं सांगायचं.” तो आत गेला, सदरा घालून आला. खुंटीवरची तीच पिशवी त्यानं खांद्याला लावली, रिकामीच. “सव्वा धाची बस हाय. शांते, पायतान घाल.”

तिघं बेळगावला आले. शांतव्वाला रक्त तपासायला बसवून दोघं उद्यमबागेत पोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. वाटेत तेजस्वीनं दोनदा म्हटलं, अण्णा, पट्टे ओढून घ्या की. तो म्हणाला, तिथं गेल्यावर बघू.

शिवराज सरांच्या टेबलावर तिनं रुमाल सोडला, बाटली ठेवली आणि शेजारी स्वतःची चावी ठेवली. सूरज दारात येऊन उभा राहिला. तिनं काही लपवलं नाही. मल्लाप्पाच्या अंगणात जे जे सांगितलं ते सगळं, तेवढंच आणि तसंच. सर बाटली उजेडात फिरवून बघत ऐकत होते. चार नंबर परत आली, काम वाचलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर आधी उमटलं. मग ती वडिलांचं बोलली, खोकला उतरल्याचं बोलली, आणि सर एकदम पुढं सरकले.

“उतरला म्हणजे किती? कधीपासून?” त्यांनी कोरा कागद ओढला. “रोज चिमूट? एकदाच? चिमूट म्हणजे साधारण केवढी, दाखव बघू. वजन किती वडिलांचं?”

“साहेब,” मल्लाप्पा म्हणाला.

“एक मिनिट थांब मल्लाप्पा.”

“न्हाई साहेब. शनवारपास्नं थांबलोय.” त्यानं खांद्यावरची पिशवी काढली आणि सरांच्या कागदावर ठेवली. “आधी माझ्या पिशवीचं बोला.”

सरांचं पेन थांबलं. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मल्लाप्पाच्या कपाळाकडे बघितलं आणि त्यांनाही बहुतेक तेच दिसलं जे तेजस्वीला अंगणात दिसलं होतं. सूरजनं मान खाली घातली. सर खुर्चीवरून उठले. “चुकलं आमचं,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “माझं चुकलं, मल्लाप्पा. सगळ्यांच्या देखत चुकलं.” त्यांनी खणातून त्याची चावी काढून त्याच्या हातात दिली. तेजस्वीची चावी टेबलावर तशीच पडली होती. तिला कुणी हात लावला नाही.

मल्लाप्पा बेसिनपाशी गेला. खिशातून विभूतीच्या गोळीचा तुकडा काढला, नळाचा एक थेंब त्यावर घेतला, तळहातावर उगाळला आणि तीन बोटांनी कपाळावर पट्टे ओढले. आरसा नव्हता, तरी दोन्ही कानांपर्यंत सरळ आले. मग पिशवी उचलून त्यानं कागद सरांपुढं मोकळा केला.

“आता सांगा ताई तुमच्या बाचं,” तो म्हणाला. “आणि आमच्या शांतीचं बी लिवून घ्या म्हणावं साहेबास्नी. तिनं बी खाल्लंय.”

सरांनी पेन उचललं. तेजस्वीनं डोळे पुसले.

“खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवसापासून,” ती म्हणाली. “रोज सकाळी, पूजा झाल्यावर.”